मानेवर थेंब, पोटात जंत

मांजराच्या मानगुटीवर, जिथे कवटी संपते तिथले केस बाजूला सारून, अर्धा-पाऊण मिलिलिटर औषध कातडीवर सोडायचं आणि त्यानं लहान आतड्यातले जंत मरायचे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अंगाऱ्याधुपाऱ्याच्या जातीचं वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही. दुखणं पोटात आणि उपचार मानेवर, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उलट ज्यांनी मांजराला गोळी भरवताना हातावर ओरखडे घेतले आहेत, त्यांना ही छोटी पिपेट वरदान वाटते आणि ते दुकानातून दिसेल ती उचलून आणतात. शंकेखोर आणि उतावळे दोघंही फसतात ते एकाच ठिकाणी. दोघांचंही लक्ष औषध कुठे लावायचं यावर असतं, त्यात काय आहे यावर नसतं. मानेवरचे थेंब जंतांवर खरोखर काम करतात, आणि काही बाबतींत पोटातून द्यायच्या जुन्या औषधांपेक्षा सरस ठरतात. पण हे श्रेय मानेचं नाही, त्या थेंबातल्या रेणूचं आहे. म्हणून आधी जंत कोणता ते ठरवावं, मग त्यावर चालणारा घटक निवडावा, आणि गोळी की थेंब हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो.

मान निवडण्याचं कारण अगदी साधं आहे: मांजराची जीभ तिथे पोचत नाही. बाकीचं काम रसायनशास्त्राचं. कातडीचा सगळ्यात वरचा थर पाणी अडवतो, पण तेलात विरघळणाऱ्या लहान रेणूंना तो तितका अडवत नाही. केसांच्या मुळांशी असलेल्या तैलग्रंथीही त्यांना वाट देतात. योग्य द्रावकात विरघळवलेलं औषध या वाटेनं कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरतं आणि रक्ताबरोबर अंगभर फिरतं. पोटातून घेतलेलं औषध आधी यकृतातून जातं आणि तिथे त्याचा काही भाग मोडला जातो. कातडीतून आलेल्या औषधाला हा पहिला जकात नाका लागत नाही. रक्तातून ते आतड्याच्या अस्तरात पोचतं, यकृतातून पित्तात उतरून पुन्हा आतड्यात येतं. वेग मात्र बेताचा असतो. एमोडेप्साइड आणि प्राझिक्वांटेल यांचं मांजरांसाठीचं एक मिश्रण 2005 पासून युरोपात वापरात आहे. ते मानेवर सोडल्यावर रक्तातलं प्राझिक्वांटेल साधारण एका दिवसात शिगेला पोचतं, तर एमोडेप्साइडला सरासरी तीन दिवस लागतात. आज थेंब टाकला आणि संध्याकाळी शीमध्ये जंत दिसले नाहीत, म्हणून औषध पाण्यासारखं होतं असं म्हणणं घाईचं होईल.

रक्तातून आलेलं औषध जंताला गाठतं कसं, हे जंताच्या राहणीवर अवलंबून असतं. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन रक्त पितो, त्यामुळे रक्तातलं औषध तो स्वतःच्या तोंडानंच गिळतो. फीतकृमीला तोंडही नाही आणि आतडंही नाही. डोक्यावरच्या चूषकांनी तो अस्तराला चिकटून बसतो आणि सगळं अन्न अंगाच्या बाहेरच्या आवरणातून शोषतो. प्राझिक्वांटेल त्या आवरणावरच घाव घालतं: कॅल्शियमचा लोंढा आत घुसतो, स्नायू आखडतात, आवरण फाटतं, आणि एरवी ज्या पाचकरसांना तो दाद देत नाही त्यांच्यातच तो पचून जातो. फीतकृमी मेल्यावर बाहेर पडलेला सहसा दिसत नाही तो यामुळे. गोलकृमी, म्हणजे टॉक्सोकारा काटी, आतड्याच्या पोकळीत मोकळा पोहत असतो. त्याला आतड्यात झिरपलेलं आणि पित्तातून उतरलेलं औषध भेटतं. पण गोलकृमीचा सगळा संसार आतड्यात नसतो. त्याच्या अळ्या यकृत आणि फुप्फुसांतून फेरी मारतात, जठराच्या भिंतीत वाढतात, आणि व्यायलेल्या मांजरीच्या दुधातून पिल्लांच्या पोटात उतरतात. पायरँटेल हे जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध आतड्यातून जवळजवळ शोषलंच जात नाही; ते पोकळीतल्या जंतांना लुळं करून बाहेर काढतं, भिंतीतल्या अळ्यांपर्यंत त्याचा हात पोचत नाही. रक्तात उतरणारं औषध तिथे पोचू शकतं. एमोडेप्साइडचे थेंब गाभण मांजरीला विण्याच्या सुमारे आठवडाभर आधी दिले, तर दुधातून पिल्लांकडे जाणारे गोलकृमी रोखता येतात, ते याच कारणानं. इथे भेद शोषल्या जाणाऱ्या आणि न शोषल्या जाणाऱ्या औषधांचा आहे. मिल्बेमायसिनसारखी तोंडानं द्यायची औषधंही रक्तात उतरतात, त्यामुळे गोळी मागासलेली आणि थेंब आधुनिक असा समज करून घेण्यात अर्थ नाही.

थेंबातले हे रेणू आले कुठून, ते पाहण्यासारखं आहे. एमोडेप्साइडचा मूळ पूर्वज जपानमध्ये सापडला. चहाच्याच कुळातल्या कॅमेलियाच्या पानांवर राहणारी एक बुरशी तो बनवत होती. पीएफ 1022 ए असं रुक्ष नाव मिळालेल्या त्या कडीसारख्या रेणूला रसायनशास्त्रज्ञांनी दोन जोड दिले आणि एमोडेप्साइड तयार झालं. प्रयोगशाळेतल्या एलेगन्स नावाच्या निरुपद्रवी सूत्रकृमीवर प्रयोग करताना कळलं, की हे औषध जंताच्या मज्जातंतूंतली पोटॅशियमची एक विशिष्ट वाहिनी उघडतं. मज्जातंतू गप्प होतात आणि जंताचं खाणं-हलणं दोन्ही थांबतं. दुसरं घराणं ॲव्हरमेक्टिनचं. त्याचा जिवाणू जपानच्या शिझुओका प्रांतातल्या मातीत मिळाला, आणि त्या कामासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. मांजरांच्या थेंबांत आढळणारी सेलामेक्टिन आणि एप्रिनोमेक्टिन ही याच घराण्यातली. मॉक्सिडेक्टिन त्यांचं जवळचं नातलग. ही औषधं जंताच्या मज्जातंतूंतल्या क्लोराइडच्या वाहिन्या उघडतात. त्या जातीच्या वाहिन्या सस्तन प्राण्यांत नसतात, आणि ज्या थोड्याफार मिळत्याजुळत्या असतात त्या मेंदूत, रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पहाऱ्याच्या आत सुरक्षित असतात.

या कुळकथेतून एक व्यवहाराची गोष्ट निघते. सेलामेक्टिन गोलकृमी आणि अंकुशकृमी मारतं, वर पिसवा आणि कानातले कीटकही मारतं; फीतकृमीवर मात्र ते काडीचंही चालत नाही. मॉक्सिडेक्टिनचीही तीच गत. फीतकृमीसाठी सहसा प्राझिक्वांटेलच लागतं, मग ते थेंबात असो की गोळीत. आणि आपल्या दुकानांत मांजरासाठी म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पिपेटमध्ये फक्त फिप्रोनिल असतं, किंवा त्याच्या जोडीला पिसवांची वाढ रोखणारं एखादं द्रव्य. हे मिश्रण पिसवांवर उत्तम आहे, पण पोटातल्या एकाही जंताला त्याचा धक्का लागत नाही. खोकी सारखीच, पिपेट सारखीच, लावायची जागाही तीच. त्यामुळे ‘मानेवरचं औषध दर महिन्याला लावतो, तरी जंत जात नाहीत’ अशी तक्रार होते, तेव्हा बहुतेकदा जंतांचं औषध दिलेलंच नसतं. व्यापारी नाव लक्षात ठेवण्यापेक्षा खोक्यावरची बारीक अक्षरातली घटकांची ओळ वाचणं जास्त उपयोगाचं. ती न वाचण्याची एक चूक तर जिवावर बेतते. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांत परमेथ्रिन भरपूर प्रमाणात असतं. कुत्र्याचं यकृत ते निभावून नेतं. मांजराच्या यकृतात त्याची विल्हेवाट लावणारी एक महत्त्वाची रासायनिक यंत्रणा फारच दुबळी असते. थरथर, झटके आणि कित्येकदा मृत्यू असा तो क्रम आहे. ‘कुत्र्याच्या पिपेटमधलं अर्धं मांजराला’ हा हिशेब कुणी सांगितला तरी ऐकू नये.

योग्य औषध देऊनही महिन्याभरात जंत पुन्हा दिसले, तर औषध नकली होतं असं समजायचं का? मांजरात सर्रास दिसणारा फीतकृमी डायपिलिडियम. त्याचा सुटा झालेला तुकडा शेपटीखालच्या केसांत किंवा मांजराच्या अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखा दिसतो. ताजा असताना तो आखडतो, पसरतो, पुढे सरकतो. वाळला की पिवळट आणि टणक होतो. त्यात अंड्यांची पुडकी असतात. ती पिसूची अळी खाते, अळीची पिसू होते, आणि अंग चाटताना मांजर ती पिसू गिळतं. पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत नवे तुकडे पडायला लागतात. प्राझिक्वांटेल आज पोटात असलेले फीतकृमी मारतं. उद्या गिळल्या जाणाऱ्या पिसवेचा बंदोबस्त ते करत नाही. कोकणच्या आणि मुंबईच्या दमट उबदार हवेत पिसवांना बारा महिने सुगीच असते, शिवाय त्यांचे कोष गाद्या-सतरंज्यांत नि फरशीच्या फटींत कित्येक आठवडे टिकून राहतात. डायपिलिडियमवर पोटातून केलेला उपचार हा अर्धाच उपचार, आणि उरलेला अर्धा पिसवांवर करायचा असतो, तोही घरातल्या प्रत्येक प्राण्यावर. उंदीर मारणाऱ्या बोक्याची गोष्ट वेगळी. त्याला मिळणारा टीनिया जातीचा फीतकृमी उंदराच्या यकृतातून येतो, तिथे पिसवांचं औषध कितीही ओतलं तरी उपयोग शून्य. आधी जंत ओळखा म्हणायचं ते यासाठी.

थेंबांविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप चाटण्याचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गुरांच्या पाठीवर ओतायच्या आयव्हरमेक्टिनचा अभ्यास फ्रान्समध्ये जुळ्या गुरांवर झाला. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, कातडीतून जातं असं समजल्या जाणाऱ्या औषधाचा मोठा हिस्सा गुरं चाटून पोटात घेतात असं दिसलं. मग मांजराच्या बाबतीत काय खात्री? एक तर ओतण्याची जागा. गुरांच्या पाठीवर लांब पट्ट्यात ओततात, मांजराच्या मानेवर एका बिंदूवर सोडतात. दुसरं म्हणजे मात्रा लहान आणि द्रावक लवकर आत जाणारा. तरी लावणाऱ्याच्या हातात बरंच काही असतं. केस दोन्ही बाजूंना नीट फाकवून गुलाबी कातडी दिसली पाहिजे, पिपेटचं टोक तिला टेकलं पाहिजे, आणि सगळा द्रव एकाच जागी पण सावकाश दाबून सोडला पाहिजे. केसांवर पडलेलं औषध वाया गेलं असंच समजावं. जागा खांद्यांच्या मधोमध घेतली तर लवचिक मांजराची जीभ तिथवर पोचते. कवटीच्या पायथ्याशी घेतली तर पोचत नाही. त्या जागचे केस दिवसभर ओले, टोकदार दिसतात, त्याचं काही नाही. ती जागा सुकेपर्यंत मुलांनी हात लावू नये, आणि मांजराला त्या दिवशी न्हाऊ घालू नये. चाटलंच तर तोंडाला फेस येतो, लाळ गळते, क्वचित उलटी होते. बहुधा ते चवीमुळे असतं आणि ओसरतं. मात्र घरात दोन मांजरं असतील आणि ती एकमेकांना चाटत असतील, तर सुकेपर्यंत त्यांना वेगळ्या खोल्यांत ठेवावं. तिथे हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. पिपेट महाग पडते आणि घरात मुलांसाठी आणलेली अल्बेंडाझोलची गोळी पडून असते. राष्ट्रीय जंतनाशक दिनामुळे ती गोळी घरोघरी ओळखीची झाली आहे. ती गोळी 400 मिलिग्रॅमची असते. चार किलोच्या मांजराला ती अख्खी दिली तर किलोला 100 मिलिग्रॅम पडतात, आणि अल्बेंडाझोलनं मांजरांच्या अस्थिमज्जेतली रक्तपेशींची निर्मिती ढासळल्याची नोंद पशुवैद्यकात आहे. गुरांसाठीच्या आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजानं थेंबभर देण्याची रीतही अशीच धोक्याची. गुराच्या वजनासाठी तयार केलेल्या तीव्र द्रावणात थेंबाची चूक पिल्लाला गुंगीत किंवा बेशुद्धीत नेते. लसणाचा उपाय सांगणारे तर हमखास भेटतात. कांदा आणि लसूण दोन्ही मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, त्यानं जंत जात नाहीत, पंडुरोग तेवढा येतो. पैसे वाचवायचेच असतील तर त्याला सरळ वाट आहे: पशुवैद्यानं वजनाप्रमाणे दिलेली पायरँटेल आणि प्राझिक्वांटेलची मांजरासाठीची गोळी. ती साध्या जंतांवर पुरेशी असते. मांजर गोळी घेत असेल तर थेंबांसाठी हट्ट धरण्याचं काही कारण नाही. गोळीमागून थोडं पाणी किंवा ओलं खाणं द्यावं, म्हणजे ती अन्ननलिकेत अडकून राहत नाही. थेंबांचं पारडं जड होतं ते हाती न लागणाऱ्या मांजरांच्या बाबतीत. मासळी बाजारातल्या किंवा सोसायटीच्या आवारातल्या ज्या मांजराला जबडा उघडून गोळी देणं अशक्य, ते खाण्यात गुंतलेलं असताना मानेवर पिपेट टेकवणं निदान शक्य कोटीतलं असतं.

घराबाहेर न पडणाऱ्या मांजराला हे सगळं कशाला, असंही विचारतात. धोका कमी असतो हे खरं, आणि युरोपातल्या परजीवीतज्ज्ञांच्या मंडळाचा सल्लाही तसाच आहे: घरातच राहणाऱ्या प्रौढ मांजराला वर्षातून एक-दोनदा, हिंडणाऱ्याला निदान चारदा. पण शून्य धोका कुणालाच नाही. चपलांबरोबर माती येते, झुरळं आणि पाली येतात, पिसू येते. टॉक्सोकाराची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसाच्या पोटात गेली तर त्यातल्या अळ्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यात भटकतात. माती तोंडात घालणारी लहान मुलं त्यात पहिली सापडतात. इथे घाबरून मांजर हाकलण्याचीही गरज नाही, कारण ताजी अंडी लागण करत नाहीत, त्यांना पक्व व्हायला काही आठवडे लागतात. रोजच्या रोज साफ होणारं मांजराचं शीपात्र हा औषधाइतकाच मोठा बंदोबस्त आहे. पिल्लांचं मात्र वेगळं. दुधातून जंत आलेलेच असतात असं धरून तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला औषध सुरू करतात, आणि एमोडेप्साइडचे थेंब आठ आठवड्यांखालच्या किंवा अर्ध्या किलोखालच्या पिल्लाला चालत नाहीत. तेव्हा या वयात पिपेट बाजूला ठेवून तोंडानं द्यायच्या पातळ औषधाकडेच वळावं लागतं.

राहता राहिला सगळ्यात अवघड आक्षेप: इतकं सोपं झालं तर लोक उठसूट लावतील, आणि जंत सरावतील. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि ही भीती कल्पनेतलीही नाही. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांतले अंकुशकृमी तीन वेगवेगळ्या औषधगटांना दाद देईनासे झाले, तेव्हा तिथल्या पशुवैद्यांना मांजरांसाठीच्या एमोडेप्साइडकडे वळावं लागलं. प्राझिक्वांटेलला न जुमानणारा डायपिलिडियमही तिथल्या कुत्र्यांत 2018 मध्ये नोंदला गेला. मांजरांत अजून ही वेळ आलेली दिसत नाही, पण मांजरांवरची पिसू आणि कुत्र्यांवरची पिसू बहुधा वेगळी नसते. शिवाय काही थोड्या मांजरांत मेंदूभोवतीचा तो पहारा जनुकातल्या दोषामुळे दुबळा असतो आणि एप्रिनोमेक्टिन असलेल्या थेंबांनी त्यांना मज्जासंस्थेचे गंभीर त्रास झाले आहेत. थेंबानंतर मांजर तोल जाऊन पडू लागलं, आंधळ्यासारखं वागू लागलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. म्हणून दर महिन्याला डोळे मिटून पिपेट लावण्यापेक्षा शी तपासून घेणं शहाणपणाचं वाटतं. पशुवैद्य ती मिठाच्या किंवा साखरेच्या दाट द्रावणात मिसळतो, जंतांची हलकी अंडी वर तरंगतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोलकृमीचं खडबडीत कवचाचं गोल अंडं आणि अंकुशकृमीचं पातळ कवचाचं लांबट अंडं वेगळं ओळखू येतं. औषधानंतर दोनेक आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा केली की औषध चाललं की नाही ते कळतं. डायपिलिडियम तेवढा या तपासणीत बहुधा निसटतो, कारण त्याची अंडी तुकड्यातच बंद राहतात. त्याच्यासाठी शेपटीखालचे केस आणि मांजराची बसायची जागा घरच्यांनीच पाहावी लागते, आणि सापडलेला तुकडा डबीत घालून डॉक्टरकडे न्यावा लागतो.